‘हे माणसाचं काम नव्हे’ : एका समजुतीची कुळकथा

वेरुळचं कैलास लेणं माणसांनी कोरलेलंच नाही, परग्रहावरून आलेल्या कुणीतरी दगड वितळवून ते घडवलं, असं सांगणारे व्हिडिओ आज घराघरांतल्या मोबाइलवर फिरत असतात. नवी मुंबईतल्या रबाळ्यात राहून ते पाहताना मला फार लागतं. इथल्या एमआयडीसीच्या पूर्वेला पारसिकची डोंगररांग आहे. तिचा काळा दगड आणि वेरुळचा दगड एकाच कुळातला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसाल्ट. नवी मुंबई उभी राहत होती तेव्हा या रांगेत दगडखाणी चालल्या. पहार, घण आणि छिन्नी लावली की हा दगड कुठे वाट देतो आणि कुठे अडतो, हे खाणीवर राबलेल्या माणसाला विचारावं.

पण ही समजूत काही मोबाइलनं जन्माला घातलेली नाही. तिचं कुळ शोधत मागे गेलं की थेट राष्ट्रकूटांच्या काळात पोचायला होतं.

कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. त्यानंतर साधारण चाळीस वर्षांनी, ८१२-१३ मध्ये, गुजरातेतल्या राष्ट्रकूट शाखेच्या कर्कराजानं दिलेला एक ताम्रपट बडोद्यास सापडला. कृष्णानं एलापुरास बांधवलेल्या शिवमंदिराची स्तुती त्यात आहे, आणि हे एलापूर म्हणजे वेरूळ असं रा. गो. भांडारकरांनी दाखवून दिलं. या स्तुतीत चक्क विमानं आहेत. विमानातून जाणारे देव मंदिर पाहून थक्क होतात आणि ठरवतात, की हे स्वयंभूच असणार, घडवलेल्या वस्तूला असं रूप येणं शक्य नाही. आकाशातून आलेले आणि ‘हे कृत्रिम नव्हे’ म्हणणारे, दोघेही इथे आहेत. फरक एवढाच की हे आकाशस्थ प्रेक्षक आहेत. घडवणारा माणूसच आहे, आणि तोही श्लोकात हजर आहे: आपलंच काम पाहून त्याला नवल वाटतं, की हे मी केलं तरी कसं! हात थांबल्यावर कारागिराला आपल्याच कामाचं वाटणारं हे आश्चर्य त्या कवीनं नेमकं टिपलं.

पुढची पायरी मराठीतली आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त एलापूरच्या राजाची गोष्ट येते. राजाचं दुखणं बरं व्हावं म्हणून राणी घृष्णेश्वराला नवस बोलते: मंदिर बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. शिल्पी म्हणतात, शिखर दिसायला कित्येक महिने लागतील. तेव्हा कोकास नावाचा शिल्पी पुढे होतो, आठवड्याच्या आत शिखर दाखवतो म्हणतो आणि डोंगर माथ्यापासून खाली कोरायला घेतो. म्हणजे आधी शिखरच! कैलास वरून खाली कोरलेलं आहे हे या गोष्टीनं अचूक ओळखलंय. चमत्कार घडतो, पण तो कारागिराच्या डोक्यातून. कोकास हे नावही निव्वळ कल्पनेतलं नसावं. मध्य भारतातल्या अकराव्या ते तेराव्या शतकांतल्या शिलालेखांत काही शिल्पी आपण कोकासाच्या घराण्यातले असल्याचं सांगतात.

मग पांडव आले. महाराष्ट्रात जुनं, भव्य, कर्ता विसरलेलं काही दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत केलं म्हणायचं आणि अपुरं राहिलं तर आरवणाऱ्या कोंबड्यावर ढकलायचं, ही रीत आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. नाशिकची बौद्ध लेणी पांडवलेणी झाली ती अशीच. रबाळ्याहून ठाण्याला गाडी बदलून अंबरनाथला जावं. तिथल्या शिवमंदिराच्या गाभाऱ्यावरचं शिखर अपुरं आहे, आणि पांडवांची रात्र संपली म्हणून ते राहिलं असं आजही सांगतात. त्याच मंदिरात शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा, शिलाहार राजा माम्वाणीच्या काळचा लेख कोरलेला आहे. लेख दगडावर असताना गोष्ट जिभेवर राहिली. पांडव निदान आपले होते, माणसं होती. कारागीर मात्र इथून दिसेनासा झाला.

असं जगात इतरत्रही झालं. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसननं तेराव्या शतकात नॉर्स पुराणकथा गद्यात लिहून काढल्या. त्यांत आसगार्ड या देवनगरीच्या तटाची कथा आहे. एक अनोळखी गवंडी येतो, तट बांधून देतो म्हणतो आणि मजुरी म्हणून फ्रेया देवी, सूर्य आणि चंद्र मागतो. देव त्याला एकच हिवाळा देतात, माणसाची मदत घ्यायची नाही, फक्त घोडा वापरायचा. उन्हाळ्याला तीन दिवस उरतात आणि तट जवळजवळ पुरा होतो. घाबरलेले देव लोकी या कारस्थानी देवाला कामाला लावतात. तो घोडीचं रूप घेऊन गवंड्याच्या स्वाडिलफारी घोड्याला भुलवून नेतो, काम अडतं. गवंड्याचं राक्षसी रूप उघड होतं आणि थॉर हा देव आपल्या हातोड्यानं त्याची कवटी फोडतो. या गवंड्याला नाव नाही. पण त्यानं काम केलं आणि देवांनी त्याची मजुरी बुडवली, एवढं ती कथा लपवत नाही. म्हणून मला ती मोलाची वाटते.

१९६८ मध्ये एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाचं जर्मन पुस्तक आलं आणि जगभरचे देव एका फटक्यात अंतराळवीर झाले. थॉरचा हातोडा यंत्र ठरला, आपली विमानं अंतराळयानं ठरली. मराठीतही हा विचार उत्साहानं आला. डॉ. सुरेशचंद्र नाडकर्णींचं ‘पृथ्वीवर माणूस उपराच!’ आणि बाळ भागवतांचं ‘देव? छे! परग्रहावरील अंतराळवीर!’ ही नावं त्या वाचकांना अजून आठवतात. कुतूहल जागं करण्याचं श्रेय या पुस्तकांना जरूर द्यावं. पण कैलासाबाबत त्या विचाराची परिणती अशी झाली, की ताम्रपटातले आकाशस्थ प्रेक्षक खाली उतरून कर्ते झाले आणि थक्क झालेला शिल्पी पुरता पुसला गेला.

त्याच्या कामाचा हिशेब पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडला आहे. एक माणूस दिवसाला सुमारे चार घनफूट दगड काढतो असं धरलं, तर २५० माणसांना हे मंदिर कोरायला साडेपाच वर्षं पुरतात. गुणाकार करून पाहा: दिवसाला हजार, साडेपाच वर्षांत वीस लाख घनफूट. बेसाल्टच्या वजनानं ते दीड लाख टनांच्या वर जातं. लेण्याचा सगळा पसारा एका राजवटीत झालेला नाही, पुढच्या राजांच्या काळातही भर पडत राहिली. पद्धत कशी होती हे पाहायचं तर अजिंठ्याचं अपुरं राहिलेलं २४ क्रमांकाचं लेणं आहे. तिथे कुदळीनं खणलेल्या चऱ्या आणि त्यांमधले फोडायचे राहिलेले दगडी बांध जसेच्या तसे आहेत. वेरुळला कैलासाच्या मागच्या कड्यावरही छिन्नीचे माग अजून दिसतात.