छत्रीखालच्या ठशाची कुळकथा

नांदुऱ्यात मृग-आर्द्राचे दोन-चार दमदार पाऊस झाले की शाळांच्या मैदानात, रेल्वेलाइनच्या कडेच्या गवतात, शेताच्या धुऱ्यावर आणि शेणखताच्या ढिगावर भूछत्रं वर येतात. बहुतेकांना त्यांचं एकच नाव ठाऊक असतं, कुत्र्याची छत्री. ती दिसली की पोरं पायानं उडवतात आणि विषय संपतो. उत्तरेला सातपुड्यात आणि मेळघाटात कोरकू कुटुंबांना कोणतं भूछत्र कोणत्या जागी, कोणत्या पावसात येतं आणि त्यातलं कोणतं चुलीवर चढतं हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. गोंदिया-गडचिरोलीकडे पावसाळ्यात सात्या नावाची भूछत्रं विकायला येतात, गोव्यात रोयणीवरच्या, म्हणजे वारुळावरच्या, अळम्यांसाठी लोक चढी किंमत मोजतात. पूर्णेच्या काळ्या मातीत, कपाशी-तूर-सोयाबीनच्या आमच्या मुलखात हा वारसा फारसा नाही. गावालगत जंगल नाही, त्यामुळे जंगल शिकवणारी आजीही नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं, नांदुऱ्यासारख्या गावात ज्याला भूछत्रांचा नाद लागला असेल त्यानं टोपली बाजूला ठेवून कागद हाती घ्यावा. भूछत्रं ओळखण्याची एक रीत आहे, ती कुठल्याही स्वयंपाकघरात जमते आणि तिला मोठं कूळ आहे. तिचं नाव बीजाणूठसा.

रीत अशी. पूर्ण उमललेलं भूछत्र घ्यायचं, टोपीलगत देठ कापायचा आणि खालच्या पापुद्र्यांची बाजू कागदावर टेकवून टोपी ठेवायची. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा हवा, कारण पांढरा ठसा पांढऱ्यावर दिसत नाही. वारा लागू नये म्हणून वर एक वाटी पालथी घालून रात्रभर ठेवायचं. टोपी सुकत आली असेल तर तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. सकाळी टोपी अलगद उचलली की कागदावर चाकाच्या आऱ्यांसारखं चित्र उमटलेलं असतं. ते पांढरं असेल, गुलाबी असेल, गंजासारखं तांबूस, चॉकलेटी किंवा काळंही असेल. एकटा बीजाणू, म्हणजे भूछत्राचा बीसारखा सूक्ष्म कण, डोळ्यांना दिसत नाही, लाखो एकावर एक पडले की रंग दिसतो.

हा रंग पाहायचा असतो हे माणसाला फार उशिरा सुचलं. आपल्याकडची जुनी रीत वेगळी होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात खाण्यापिण्याचा विचार येतो तिथे उद्भिद, म्हणजे भूछत्रांसारख्या भाज्यांचा एक गट आहे: पेंढ्यावर, उसावर, शेणावर, वेळूवर आणि जमिनीवर उगवणाऱ्या. जागा पाच, प्रकार पाच आणि गुणही वेगवेगळे सांगितलेले. मनुस्मृतीनं लसूण-कांद्याच्या जोडीला कवकांनाही द्विजांच्या ताटाबाहेर ठेवलं, पण वैद्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं होतं. भूछत्र कशावर उगवलं आहे हा आजही ओळखीतला पहिला प्रश्न आहे, आणि तो इतक्या आधी विचारला गेला याचा मला अभिमान वाटतो. मात्र एकाच उकिरड्यावर चार जातींची भूछत्रं शेजारी शेजारी उगवतात. तिथे जागेवरून निवाडा होत नाही.

युरोपात तर भूछत्रं कुजण्यातून आपोआप निपजतात अशीच समजूत होती. १५८८ साली नेपल्सच्या देल्ला पोर्तानं त्यांना बीजासारखी भुकटी असते असं लिहिलं. खरं काम केलं ते फ्लॉरेन्सच्या पिएर आंतोनिओ मिकेली यानं. त्यानं बुरशीची भुकटी गोळा केली, खरबुजाच्या आणि नासपतीच्या कापलेल्या तुकड्यांवर पेरली आणि जे पेरलं तेच उगवतं का हे पाहिलं. उगवलं तेच. १७२९ साली त्याचा ग्रंथ निघाला, पण आपोआप निपजण्याची समजूत त्यानंतरही बराच काळ टिकली.

ठशाला ओळखपत्राचं मोल आलं ते एलियास फ्रीस याच्यामुळे. हा स्वीडनमधल्या फेम्शो गावच्या पाद्र्याचा मुलगा, जन्म १७९४ चा. लहानपणी आईबरोबर रानात स्ट्रॉबेरी वेचायला गेला असताना त्याला पोवळ्यासारखं दिसणारं एक पांढरं कवक सापडलं आणि तो या नादाला कायमचा लागला. १८२१ ते १८३२ या काळात निघालेल्या ‘सिस्टेमा मायकोलॉजिकुम’ या ग्रंथात त्यानं पापुद्र्यांच्या भूछत्रांचा प्रचंड गोतावळा बीजाणूंच्या रंगावरून पाच मोठ्या ओळींत लावला. पावसानं टोपीचा रंग धुपतो, उन्हानं विटतो, गोगलगाय निम्मी टोपी खाऊन जाते, पाऊस कमी झाला तर आकार खुरटतो. बीजाणूंचा रंग या कशानंच सहसा बदलत नाही. फ्रीसची मांडणी पुढे पुष्कळ मोडली, आता तर ती डीएनए पाहून होते. तरी भूछत्रांच्या ओळखपुस्तकांत ठशाचा रंग आजही विचारला जातो.

ठसा एका रात्रीत कसा पडतो याचं उत्तर कॅनडातल्या विनिपेगला शिकवणाऱ्या रेजिनाल्ड बुलर यांनी १९०९ साली छापलं. आठ सेंटिमीटर रुंदीच्या टोपीचं एक साधं कुरणातलं भूछत्र दोन दिवसांत सुमारे १८० कोटी बीजाणू सोडतं, असा त्यांचा हिशेब होता.

आता गवतातल्या एका भूछत्राबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याला धोका आहे तो इथेच. पावसाळ्यात हिरवळीवर, मैदानांत ताटलीएवढी मोठी, पांढरी, वर तपकिरी खवले असलेली, देठाला कडं असलेली देखणी भूछत्रं उगवतात. कोवळेपणी पापुद्रे पांढरे असतात. मोहात पाडणारं असं हे रूप आहे. १८१८ साली मायर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं दक्षिण अमेरिकेतल्या गयानाहून ही जात पहिल्यांदा नोंदवली. १८९८ साली लंडनजवळच्या क्यू उद्यानातल्या जॉर्ज मॅसी यांनी हिरव्या बीजाणूंच्या भूछत्रांसाठी क्लोरोफायलम ही नवी प्रजाती केली आणि तिच्यातल्या पहिल्या जातीला ‘एस्क्युलेंटम’ म्हटलं, म्हणजे खाण्याजोगी. पुढे ठरलं की ती मायरनं नोंदवलेलीच जात, आज क्लोरोफायलम मोलिब्डाइटिस म्हणून ओळखली जाणारी, आणि उष्ण मुलखांत भूछत्रांच्या विषबाधेला सर्वांत जास्त वेळा कारण होणाऱ्या जातींपैकी एक. खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात, लहान मुलं अंगातलं पाणी जाऊन गळून जातात. काहींना काहीच होत नाही, आणि तेच घातक आहे, कारण तो माणूस पुढच्या वेळी शेजाऱ्याला वाढतो. हिचा ठसा हिरवट पडतो. असा ठसा फारच थोड्या भूछत्रांचा असतो, म्हणून इथे कागदाचा निर्णय जवळजवळ शेवटचा मानावा.

याहून भयंकर आहे ती सारख्या दिसणाऱ्या दोन भूछत्रांची जोडी. पेंढ्यावरचं भूछत्र, ज्याला आज व्हॉल्व्हेरिएला म्हणतात, बुडाशी वाटी घेऊन उगवतं आणि आग्नेय आशियात आवडीनं खाल्लं जातं. अमॅनिटा प्रजातीतल्या मारक जातींच्याही बुडाशी वाटी असते. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या निर्वासितांनी तिथली अमॅनिटा आपलीच पेंढ्यावरची समजून खाल्ली आणि जीव गमावले. ठशात फरक लख्ख आहे: व्हॉल्व्हेरिएला गुलाबी, अमॅनिटा पांढरी. पण चूक होते ती दोन्ही अंड्यासारखी मिटलेली असताना, आणि तेव्हा ठसा मिळत नाही. म्हणून न उमललेलं भूछत्र ओळखलं असं कुणी म्हणू नये.

या मारक जातींतलं अमॅटॉक्सिन हे विष शिजवून जात नाही, वाळवूनही जात नाही. सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ काहीच जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, दुसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होत असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामात मळ्यांच्या मुलखात रानभूछत्रं खाऊन तेरा माणसं दगावली. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, लसूण टाकून रंग बदलला तर विषारी, किड्यानं खाल्लेलं असेल तर चांगलं, या साऱ्या कसोट्या खोट्या आहेत. अमॅनिटा चांदी काळी करत नाही आणि अळ्या ती खुशाल खातात. या समजुती घरात कुणी सांगितल्या तर तिथेच थांबवाव्यात, समोर कितीही वडीलधारं माणूस असलं तरी.

आणि ठसाही खाण्याची परवानगी देत नाही. पांढरा ठसा अमॅनिटाचा असतो तसा शेतकरी पिकवतात त्या कित्येक धिंगऱ्यांचाही असतो. वारुळातून लांब मूळ घेऊन वर येणाऱ्या अळंबीचा ठसा गुलाबी, म्हणजे विषारी असलेल्या काही गुलाबी ठशाच्या जातींसारखाच. रोजे एम यांनी १९४२ साली या वारुळी अळंब्यांना टर्मिटोमायसेस हे नाव दिलं तेव्हा ठशाबरोबर वाळवीशी असलेलं नातंही धरलं. जागा, देठ, कडं, वाटी, वास, ठसा हे सगळं जुळलं तरच नाव ठरतं, आणि नाव पक्कं करायला सूक्ष्मदर्शक लागतो. ते काम पुण्यात होत आलं आहे. १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेल्या आजच्या आघारकर संशोधन संस्थेनं १९८० च्या सुमारास नैऋत्य भारतातल्या भूछत्रांवर ग्रंथ काढला, आणि देशाचा कवकसंग्रहही तिथेच आहे.

तर नांदुऱ्याच्या शिक्षकांना आणि मुलांना माझी विनंती आहे. या पावसाळ्यात ठशांची वही करा. प्रत्येक ठशाखाली तारीख, जागा, कशावर उगवलं, वाटी होती का, कडं होतं का हे लिहा आणि ताज्या भूछत्राचा फोटो जोडा. हात लावल्यानं विष चढत नाही, तरी हात धुवा. ज्ञानगंगा किंवा अंबाबरवा अभयारण्यात गेलात तर फक्त फोटो काढा, तिथून काहीही उचलणं बेकायदा आहे. खायची इच्छा झाली तर सोयाबीनच्या कुटारावर पिकवलेली धिंगरी विकत घ्या. कुणी रानातलं खाल्लंच असेल तर उलटी थांबल्यानं निर्धास्त न होता त्याला लगेच दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा आणि उरलेलं भूछत्र, शिजलेलं असलं तरी, डॉक्टरांना दाखवायला सोबत ठेवा.