लॅपटॉपच्या पडद्यातील बिघाडाचे निदान

लॅपटॉपच्या पडद्यातील बिघाडाचे निदान म्हणजे पडद्यावर चित्र न दिसणे, ते अंधूक होणे, थरथरणे, त्यावर रेषा उमटणे किंवा रंग बिघडणे अशा लक्षणांवरून दोष संगणकाच्या नेमक्या कोणत्या भागात आहे हे ठरविण्याची प्रक्रिया होय. एकच लक्षण अनेक कारणांनी उद्भवू शकते. पडदा काळा पडण्यामागे पॅनलमधील दोष असू शकतो, तसाच तो सैल केबलचा, बंद पडलेल्या पार्श्वप्रकाशाचा, ग्राफिक्स चिपच्या बिघाडाचा किंवा चुकून बदललेल्या एखाद्या मांडणीचाही परिणाम असू शकतो. पॅनल हा महाग सुटा भाग असल्याने दोषाची जागा निश्चित होण्यापूर्वी तो बदलल्यास खर्च वाया जाण्याचा संभव असतो. प्राथमिक चाचण्यांपैकी बहुतेक चाचण्या लॅपटॉप न उघडता करता येतात.

चित्राचा मार्ग

पडद्यावर दिसणारे चित्र एका साखळीतून प्रवास करते. मदरबोर्डवरील अथवा मुख्य प्रक्रियकातील ग्राफिक्स चिप चित्राचे संकेत तयार करते. हे संकेत एका बारीक केबलमधून बिजागरीजवळून वर पडद्याकडे जातात. तेथे पॅनलवरील नियंत्रक मंडल ते संकेत वाचून उभ्या स्तंभांच्या व आडव्या ओळींच्या चालक चिपांना आज्ञा देते. जुन्या लॅपटॉपमध्ये या जोडणीसाठी एलव्हीडीएस ही पद्धत वापरली जाई. वेसा या मानक संस्थेने २००८ मध्ये ईडीपी हे मानक स्वीकारल्यानंतर पुढील काही वर्षांत त्याने तिची जागा घेतली.

एलसीडी पडद्यातील द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. ते केवळ मागून येणारा प्रकाश अडवितात किंवा सोडतात. हा मागील प्रकाश, म्हणजेच बॅकलाइट, पूर्वी फ्लुरोसंट नळीतून मिळत असे व तिला उच्च दाबाची वीज पुरविण्यासाठी इन्व्हर्टर नावाचे वेगळे मंडल असे. नंतर तिच्या जागी एलईडी आले. ओएलईडी पडद्यातील प्रत्येक बिंदू स्वयंप्रकाशी असल्याने त्यास पार्श्वप्रकाश नसतो. साखळीची ही रचना ध्यानात घेतली की प्रत्येक चाचणीचा हेतू स्पष्ट होतो. प्रत्येक चाचणी साखळी एका ठिकाणी तोडून दोष त्या ठिकाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे दाखविते.

प्राथमिक चाचण्या

१. संगणक चालू आहे का, हे पाहणे. पडदा काळा असताना पंख्याचा आवाज येतो का आणि कॅप्स लॉक कळ दाबल्यावर तिचा दिवा लागतो-विझतो का, हे पाहतात. दिवा प्रतिसाद देत असेल तर संगणक जिवंत असून दोष बहुधा चित्राच्या मार्गात असतो. दिवा प्रतिसाद देत नसेल किंवा सुरुवातीलाच ठरावीक संख्येने आवाज अथवा दिव्यांची उघडझाप होत असेल, तर रॅम, मदरबोर्ड किंवा वीजपुरवठा यांकडे आधी लक्ष दिले जाते.

२. मांडणी तपासणे. प्रकाशमान वाढवून पाहतात. विंडोजमध्ये विंडोज व पी या कळांनी चित्र फक्त दुसऱ्या पडद्याकडे पाठविले गेले आहे का, हे कळते. विंडोज १० व ११ मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या चार कळा एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. झाकण मिटल्याचे ओळखणारा संवेदक अनेक लॅपटॉपमध्ये चुंबकावर चालतो. त्यामुळे चुंबक असलेले मोबाइलचे आवरण किंवा मनगटी पट्टा त्याजवळ आल्यासही पडदा बंद होऊ शकतो.

३. विजेरीची चाचणी. काळ्या दिसणाऱ्या एलसीडी पडद्यावर अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत तिरका टाकतात. चित्र पुसटसे दिसल्यास संकेत पॅनलपर्यंत पोहोचत असून केवळ पार्श्वप्रकाश किंवा त्याचा वीजपुरवठा बंद पडला आहे, असे ठरते. ओएलईडी पडद्यास ही चाचणी लागू नाही.

४. बाह्य पडद्याची चाचणी. एचडीएमआय किंवा अन्य जोडणीने मॉनिटर अथवा दूरदर्शन संच जोडतात. बाहेरील चित्र निर्दोष असेल तर दोष केबल किंवा पॅनलमध्ये असण्याची शक्यता अधिक असते. तीच विकृती बाहेरही दिसत असेल तर संशय ग्राफिक्स चिप वा ड्रायव्हरवर येतो. मात्र काही लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिपा असतात व बाह्य जोडणी त्यांपैकी दुसरीला जोडलेली असू शकते. म्हणून या एका चाचणीवर अंतिम निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

५. बायोसची चाचणी. संगणक सुरू होताना बायोसच्या मांडणीत प्रवेश करतात. तेथेही दोष दिसत असेल तर विंडोज वा तिचा ड्रायव्हर यांचा त्याच्याशी संबंध नसतो. तेथे चित्र स्वच्छ असून विंडोजमध्येच बिघडत असेल तर प्रथम ड्रायव्हर पुन्हा बसविला जातो.

६. पडद्याची छबी घेणे. पडदाछबी, म्हणजे स्क्रीनशॉट, घेऊन ती दुसऱ्या उपकरणावर पाहतात. रेषा किंवा डाग छबीतही आले असतील तर ते चित्र तयार होतानाच उमटलेले असतात. छबी स्वच्छ असेल तर दोष पुढील मार्गावर असतो.

काही उत्पादकांनी पडद्याची अंगभूत चाचणी दिलेली असते. उदाहरणार्थ, डेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये डी कळ दाबून धरून संगणक सुरू केल्यास पडद्यावर एकामागून एक शुद्ध रंग येतात व पॅनलमधील दोष उघड होतात.

लक्षणे व संभाव्य कारणे

झाकणाचा कोन बदलताच चित्र येणे-जाणे किंवा थरथरणे हे केबलच्या दोषाचे ठळक लक्षण आहे. नेहमी एकाच जागी दिसणारी एक रंगीत उभी रेषा बहुधा पॅनलच्या कडेवरील स्तंभचालक चिपेची जोडणी सुटल्यामुळे उमटते. शाई सांडल्यासारखा काळा डाग व त्यातून फुटणाऱ्या रेषा काच आतून तडकल्याचे दर्शवितात. पडदाभर पसरलेले चौकोन किंवा ठिपके आणि त्यापाठोपाठ संगणक बंद पडणे, हे ग्राफिक्स चिपच्या बिघाडात आढळते.

१९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर २०,७३,६०० बिंदू व त्यांचे ६२,२०,८०० उपबिंदू असतात. त्यांपैकी कायम काळा राहणारा बिंदू मृत, तर एकाच रंगात अडकलेला बिंदू अडकलेला बिंदू म्हणून ओळखला जातो. असे एक-दोन बिंदू असणे हा अनेक उत्पादकांच्या हमीच्या अटींनुसार पॅनल बदलून मिळण्याइतका दोष मानला जात नाही.

उल्लेखनीय उदाहरणे

जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया कंपनीने लॅपटॉपमधील काही ग्राफिक्स चिपांच्या सदोष वेष्टन-सामग्रीमुळे होणाऱ्या दुरुस्तीखर्चापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. त्याच वर्षी ॲपलने आपल्या काही मॅकबुक प्रो संगणकांत हा दोष असल्याचे मान्य केले. त्यात चित्र विस्कटत असे किंवा संगणक चालू असूनही लॅपटॉपच्या व बाह्य अशा दोन्ही पडद्यांवर काहीच दिसत नसे.

याउलट २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये पार्श्वप्रकाशाची पातळ केबल झाकणाच्या वारंवार उघडझापीने झिजत असे. आधी पडद्याच्या खालच्या कडेवर रंगमंचावरील दिव्यांसारखे प्रकाशाचे पट्टे दिसत व नंतर पार्श्वप्रकाश पूर्ण बंद पडे. केबल पडद्याशी एकसंध असल्याने तेवढ्यासाठी संपूर्ण पडदा बदलावा लागे. मे २०१९ मध्ये ॲपलने १३ इंची प्रारूपासाठी विनामूल्य दुरुस्ती योजना सुरू केली. पहिल्या उदाहरणात पडदा बदलून काहीच साध्य झाले नसते, तर दुसऱ्यात बाह्य पडदा जोडून काम चालू ठेवता येत होते.

दक्षता

पॅनल, केबल किंवा पार्श्वप्रकाश बिघडल्याने साठवलेल्या माहितीस बाधा पोहोचत नाही. बाह्य पडद्यावर चित्र दिसत असल्यास लॅपटॉप दुरुस्तीस देण्यापूर्वी प्रबंध, छायाचित्रे व अन्य फाइलींची प्रत काढून ठेवणे हितावह असते. लॅपटॉप उघडण्यापूर्वी विजेची जोडणी व बॅटरी या दोन्ही काढल्या जातात. जुन्या इन्व्हर्टरमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो, तर फ्लुरोसंट नळीत पारा असतो. नवे पॅनल घेताना केवळ इंचांचे माप पुरेसे नसते. जुन्या पॅनलच्या मागील पट्टीवरील प्रारूप क्रमांक आणि जोडणीतील पिनांची संख्या जुळवून पाहावी लागते. भारतात टाकाऊ लॅपटॉप १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांच्या कक्षेत येतात. त्यामुळे काढलेले भाग घरगुती कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलकाकडे देणे अपेक्षित आहे.