पान तोडणारी, बिडी वळणारी

व्यंकटेश माडगूळकरांच्या पुस्तकामुळे नागझिरा मराठी वाचकांच्या ओळखीचा झाला. त्या रानाच्या आसपासच्या गावांत रोख पैसा यायचा तो बराचसा तेंदूच्या पानातून. पान तोडायला, पुडे बांधायला आणि बिड्या वळायला बायका होत्याच; कागदावर त्यांना कामगार म्हणायला मात्र सरकारला आणि कोर्टांना फार वेळ लागला.

याच भागातल्या गोंदियाला बिडीचं गाव केलं ते रेल्वेने. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोंदिया–जबलपूर ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली. तेंदूच्या जंगलापर्यंत गुजराती व्यापारी आले, तंबाखूची पोती आली, आणि वळलेली बिडी देशभर जाऊ लागली. या धंद्यातून मोठे झालेले मनोहरभाई पटेल यांनी पुढे १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली.

कारखानदाराला छप्पर बांधण्यापेक्षा पान-तंबाखू घरोघर पोचवणं स्वस्त पडे. सट्टेदार, म्हणजे कारखानदाराचा मध्यस्थ, माल वाटून जाई. बाई पानं भिजवी, कात्रीने मापात कापी, तंबाखू भरून वळी आणि दोरा बांधी. जागा तिची, उजेड तिचा, कात्री तिची. हजारी दराने मजुरी ठरे आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे कापले जात. धान रोवणीची मजुरी, घरचा स्वयंपाक, लेकरं हे सगळं सांभाळून होणारं हे काम 'फावल्या वेळचं' ठरलं, आणि त्याच नावाखाली ते स्वस्तात मिळत राहिलं. हा सरळ अन्याय होता.

हे काम किती मोठं होतं, याची साक्ष एका कायद्यात आहे. शेतीच्या हंगामात मजूर मिळत नाहीत म्हणून मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये त्या काळापुरती बिडी वळण्यावर बंदी घालण्याची तरतूद केली. सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये ती रद्द ठरवली.

मग कोर्टात वाद रंगला तो कामगार कोणाला म्हणायचं यावर. नागपूरच्या एका कारखान्यातले बिडी वळणारे १९६० मध्ये कामगार ठरले. सिन्नरच्या कारखान्यातला एक जण १९६१ मध्ये ठरला नाही, कारण त्याच्या येण्याजाण्यावर मालकाचं नियंत्रण नव्हतं. कारखान्यात बसणाऱ्याची ही गत, तर अंगणात बसणारीला कोण विचारणार? १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने अखेर घरी वळण्यासाठी कच्चा माल घेणाऱ्यालाही कामगार मानलं, घरकामगार बाईला प्रसूतिलाभही लागू केला. मालकांनी आव्हान दिलं. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला.

पान तोडणारीची गोष्ट वेगळी. मे महिन्यात पहाटेच रानात शिरायचं, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी संकलन केंद्रावर मोजून द्यायचे. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. १९८१ च्या जनगणनेपासून वर्षात सहा महिन्यांहून कमी काम करणाऱ्यांची 'सीमांतिक' अशी वेगळी नोंद होऊ लागली. वर्षाचं मीठ-मिरची आणि पोरांची वह्या-पुस्तकं ज्या कमाईतून येतात, ती त्या रकान्यात गेली.

नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ राखायलाच हवा. पण रानाच्या आतलं पान बंद झालं, तेव्हा ज्यांचा हंगामी रोजगार आटला त्यांत या बायका आधी येतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने तेंदूपानासारख्या गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला, आणि वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायला सांगितलं. पुडे बांधणारीच्या स्वतःच्या बँक खात्यात तिची मजुरी पडावी, ही व्यवस्थाही ग्रामसभांनी याच कायद्याच्या बळावर आता करायला हवी.