राणी मारिया, सिस्टर

राणी मारिया, सिस्टर : (२९ जानेवारी १९५४ – २५ फेब्रुवारी १९९५). मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात आदिवासी व भूमिहीनांमध्ये काम करणाऱ्या कॅथलिक धर्मभगिनी आणि रक्तसाक्षी. घराण्याचे नाव वट्टालिल. जन्म केरळातील पुल्लुवळी (जि. एर्नाकुलम) येथे. १९७२ मध्ये त्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात दाखल झाल्या. आधी बिजनोर, मग सतना भागातील ओडगडी आणि १९९२ पासून उदयनगर अशा त्यांच्या नेमणुका झाल्या.

देवास मराठी वाचकाला ठाऊक असते ते पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीच्या संस्थानांमुळे. जिल्ह्याचा पीपलरावां गावाकडचा भाग माळव्याच्या काळ्या, सपाट जमिनीचा. दक्षिणेकडे विंध्याच्या डोंगररांगा नर्मदेकडे उतरत जातात. उदयनगर या डोंगराळ, आदिवासी वस्तीच्या भागात आहे. गरजेला सावकाराचे कर्ज काढायचे आणि ते मजुरीत फेडत राहायचे, हा येथला तेव्हाचा रिवाज. सिस्टरांनी बायकांचे बचत गट उभे केले, सरकारी योजनांची आणि बँकेच्या कर्जाची माहिती घरोघर पोहोचवली. बँकेचे दार उघडले की सावकाराची ओसरी ओस पडते. वैर धरायला एवढे कारण पुरले.

ख्रिस्ती परंपरेत समाधानाची शिकवण आहे, आणि सावकारीला शह देणारे हे काम तिच्याशी विसंगत वाटू शकते. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र तुरुंगातले आहे आणि त्यात तो आहे त्या स्थितीत तृप्त असल्याचे सांगतो. त्याच बायबलात मजुरी अडवून ठेवणाऱ्या धनिकांना याकोबाचे पत्र खडसावते आणि आमोस संदेष्टा गरिबांना तुडवणाऱ्यांवर तुटून पडतो. असिसीच्या फ्रान्सिस व क्लेअर यांच्या वारशातील दारिद्र्याचे व्रत सिस्टरांनी स्वतःपुरते घेतले होते. कर्जात पिचलेल्या मजुराला मात्र त्यांनी समाधानी राहा असे सांगितले नाही. समाधान स्वतःच्या ताटापुरते, शेजाऱ्याच्या रिकाम्या ताटापुढे नव्हे, असाच या व्रताचा अर्थ त्यांच्या कामातून निघतो.

२५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमध्ये, इतर प्रवाशांदेखत, याच वैरातून समंदर सिंह नावाच्या माणसाने त्यांना भोसकून ठार केले. त्याला जन्मठेप झाली. सिस्टरांची धाकटी बहीण सेल्मी पॉल याच संघातल्या. २००२ मध्ये त्यांनी तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. २००६ मध्ये त्याची सुटका झाली, पुढे केरळात जाऊन तो त्यांच्या आईलाही भेटला. या क्षमेवर ‘द हार्ट ऑफ अ मर्डरर’ हा माहितीपट निघाला. क्षमेची कथा खरी आणि विलक्षण आहे, पण तिच्या प्रकाशात सावकारीचा मुद्दा बहुतेक लेखनात एका ओळीवर येतो, हे खटकते. खून झाला तो कर्जाच्या व्यवहारापायी.

पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१७ मध्ये त्यांच्या हौतात्म्याला मान्यता दिली आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. त्यांची समाधी उदयनगरच्या चर्चमध्ये असून स्मृतिदिन २५ फेब्रुवारीला पाळतात.