कमरेचे पिस्तूल : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा

कमरेचे पिस्तूल : स्वसंरक्षणासाठी परवाना काढून घेतलेले आणि कपड्याखाली झाकून अंगावर बाळगता येईल एवढे लहान पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. बोलताना दोन्हींना सरसकट पिस्तूल म्हणतात. परवान्यावर मात्र शस्त्राचा प्रकार, बोअर आणि क्रमांक नेमका नोंदलेला असतो. पिंपरी, भोसरी, तळेगाव आणि चाकण या भागात असे शस्त्र बाळगणारा माणूस बहुधा कारखानदार, ठेकेदार, बांधकाम व्यावसायिक, सराफ, जमीनजुमला असलेला बागायतदार किंवा राजकारणातला कार्यकर्ता असतो. कोणते पिस्तूल घ्यावे याचा निम्मा निकाल कायदाच लावतो. दुकानाची पायरी चढेपर्यंत निवडीला फार थोडे उरलेले असते.

पार्श्वभूमी : पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे एमआयडीसी आली, बजाज आली, टाटांची मोटार आली. चाकणला बजाजचा कारखाना १९९९ साली सुरू झाला आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत फोक्सवॅगन, महिंद्र, मर्सिडीज तेथे आल्या. ज्वारी-बाजरीची शिवारे गुंठ्याच्या भावाने विकली गेली. कारखान्याच्या फाटकाबाहेर दुसरी अर्थव्यवस्था उभी राहिली: भंगाराचा ठेका, कामगार पुरवण्याचा ठेका, पाण्याचे टँकर, मुरूम, वाहतूक. हा पैसा रोखीचा, आणि तो मिळवण्याची शर्यत दांडगाईची. खंडणीच्या फोनला घाबरून परवान्याचा अर्ज करणारा लघुउद्योजक याच वातावरणातून येतो. त्याच्या शेजारी, नुसता रुबाब म्हणून कमरेला काहीतरी हवे असणाराही त्याच रांगेत उभा असतो. दोघांच्या अर्जावर कारण मात्र एकच लिहिलेले असते, 'जिवाला धोका'.

परवाना : मूळ कायदा १९५९चा शस्त्र अधिनियम. त्याखालचे सध्याचे नियम २०१६चे. अर्जदाराचे वय किमान २१ असावे लागते. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देण्याचा अधिकार आयुक्तांचा, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांचा. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले. चाकण, आळंदी, तळेगाव ही ठाणी तोवर पुणे ग्रामीण पोलिसांकडे होती. म्हणून चाकणच्या जुन्या परवानाधारकाच्या पुस्तिकेवर जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का दिसतो. स्थानिक ठाण्याकडून चारित्र्य व गुन्ह्यांची पडताळणी, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण आणि घरी ते बंदिस्त ठेवण्याची हमी, हे सारे लागते. डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. अर्ज नाकारल्यास अपील करता येते.

बोअर : येथे बहुतेकांचा पहिला हिरमोड होतो. वेबमालिकांत दिसणारे ९ मिमीचे पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. सैन्य-पोलिसांच्या सेवेतील ९ मिमी व .४५ आणि रिव्हॉल्व्हरचे .३८० व .४५५ हे प्रतिबंधित बोअर आहेत. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयच, तोही क्वचित देते. उरते ते मुख्यतः .३२ आणि .२२. जुन्या परदेशी बनावटीची .२५ किंवा .३० बोअरची पिस्तुलेही अधूनमधून एका परवानाधारकाकडून दुसऱ्याकडे जातात. नागरिकांसाठीची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बंद असल्याने त्यांच्या किमती त्यांच्या गुणांपेक्षा दुर्मिळतेवर ठरतात. बापाच्या काळची वॉल्थर कपाटात आहे हे अभिमानाने सांगणारे लोक भेटतात. तिची स्प्रिंग शेवटची कधी बदलली, हे त्यांतल्या थोड्यांनाच सांगता येते.

दोन 'बत्तीस' : नवशिक्याने नीट समजून घ्यावी अशी गोष्ट ही आहे. .३२ नावाची दोन निरनिराळी काडतुसे आहेत आणि ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. त्याची पितळी पुंगळी २३ मिमी लांब, बुडाला ठळक कडा, आणि पुढे शिशाची गोल नाकाची गोळी, वजन सुमारे साडेसहा ग्रॅम. पिस्तुलाचे काडतूस .३२ एसीपी, जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याचे. पुंगळी १७ मिमीची, कडा जेमतेम, गोळी तांब्याच्या मुलाम्याची आणि साडेचार ग्रॅमच्या आसपास. पहिले जड आणि संथ, दुसरे हलके आणि वेगवान. दोन्हींचा जोर एकमेकांच्या जवळपास, आणि ९ मिमीच्या निम्म्याहूनही कमी. दोन्ही काडतुसे तळहातावर शेजारी ठेवली की फरक डोळ्यांना लगेच दिसतो, पण मागणी करताना नुसते 'बत्तीसचे द्या' म्हणू नये. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचे बूड उजेडात धरले, तर टोपीभोवती 'केएफ' अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली दिसतात. ती खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. हा कारखाना १८६९चा. दापोडीहून हॅरिस पूल ओलांडला की खडकीच सुरू होते. भोसरीतल्या उद्योजकाच्या कमरेची गोळी अशी बऱ्याचदा त्याच्या घरापासून काही कोसांवरच भरलेली असते. ऑक्टोबर २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा खडकीचा कारखाना पुण्यातच मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला.

उपलब्ध शस्त्रे : सर्वांत रुळलेले शस्त्र म्हणजे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे .३२ रिव्हॉल्व्हर. त्याचा घाट जुन्या वेबलीचा. वरची कळ दाबून नळी खाली मोडली की चक्री उघडते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. नळी साधारण तीन इंच, वजन पाऊण किलोच्या आत. याच घराण्यातले 'निर्भीक' जानेवारी २०१४मध्ये आले. टायटॅनियम मिश्रधातूचे, ५०० ग्रॅमचे, किंमत १,२२,३६० रुपये. दिल्लीतील २०१२च्या अत्याचारात बळी पडलेल्या तरुणीच्या स्मरणार्थ त्याचे नाव ठेवले गेले आणि ते स्त्रियांसाठी म्हणून पुढे करण्यात आले. चाकणच्या असेंब्ली लाइनवर रात्रपाळी करून परतणाऱ्या मुलीला ती किंमत कधीच परवडणारी नव्हती. तिला हवी होती ती कंपनीची बस आणि फाट्यावरचा चालू दिवा. ऑगस्ट २०२३मध्ये आलेले 'प्रबल' नव्या घाटाचे आहे. त्याची चक्री बाजूला उघडते आणि पल्ला ५० मीटरपर्यंत असल्याचे निर्माते सांगतात. खासगी उद्योगालाही आता परवानगी असल्याने उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात वेबली अँड स्कॉटच्या नावाने .३२ शस्त्रे तयार होऊ लागली आहेत. पिस्तुलांत इशापूरच्या रायफल फॅक्टरीचे 'अशनी' जास्त दिसते. ते चपटे असते आणि मॅगझीनमध्ये सात-आठ गोळ्या बसतात.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल : चपटेपणामुळे पिस्तूल शर्टाखाली दिसत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण प्रस्तुत लेखकाच्या मते या पट्ट्यातल्या बहुसंख्य परवानाधारकांनी रिव्हॉल्व्हरच घ्यावे. कारण शस्त्रापेक्षा माणसात आहे. वर्षातून एकदा, दसऱ्याला पूजेपुरते शस्त्र हातात घेणाऱ्याला घाबरलेल्या क्षणी सेफ्टी काढणे, स्लाइड ओढणे, अडकलेली गोळी झटकणे जमत नाही. .३२ एसीपीच्या काडतुसाला अर्धवट कडा असल्याने मॅगझीन भरताना एकाची कडा दुसऱ्याच्या कडेमागे अडकली, तर पिस्तूल जागीच बंद पडते. रिव्हॉल्व्हरची एक गोळी फुसकी निघाली, तर चाप पुन्हा ओढायचा. चक्री फिरते आणि पुढची गोळी समोर येते. सहाच गोळ्या मिळतात ही तक्रार ऐकू येते. सहाव्या गोळीनंतर आपल्याजवळ काय उरेल याची चिंता करणाऱ्याने पहिली गोळी कोठे जाईल याची आधी करावी. 'बत्तीसमध्ये दम नाही' हेही अर्धसत्य आहे. भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाडलेली .३२ची गोळी पत्रा भेदून पलीकडच्या लेथवर उभ्या कामगारापर्यंत पोहोचू शकते.

शस्त्र निवडताना मूठ हातात पुरी बसते का आणि चाप एका बोटाने सलग ओढता येतो का, हे आधी पाहावे. चमक, कोरीवकाम आणि लाकडी मुठीचा रंग यांवर पैसे घालवू नयेत. सराव परवानाप्राप्त नेमबाजी केंद्रातच करायचा असतो. फार्महाउसवर झाडाला डबा टांगून केलेला सराव हा गुन्हा आहे. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढल्यास २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही.

झाकून बाळगणे : अमेरिकेत झाकून बाळगायला वेगळा परवाना लागतो की नाही, यावर राज्याराज्यांत वाद आहेत. आपल्याकडे उलट, झाकणे हीच सक्ती आहे. २०१६च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीतच असले पाहिजे, ते पूर्ण झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असला पाहिजे. म्हणजे हॉटेलात टेबलावर काढून ठेवलेले, शर्ट मुद्दाम वर करून दाखवलेले किंवा जमिनीच्या मोजणीला हातात धरून नेलेले पिस्तूल परवाना घालवू शकते. होल्स्टर चापाला पूर्ण झाकणारा आणि पट्ट्याला घट्ट बसणारा हवा. पँटच्या नेफ्यात नुसते खोचलेले शस्त्र वाकताना सुटते आणि ते पकडायला गेलेले बोट चापावर पडते.

खरी अडचण रोजच्या दिनक्रमात येते. नाशिक फाट्यावरून निघालेला माणूस मोशी ओलांडून चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकतो आणि शेवटी कंपनीच्या फाटकाशी पोहोचतो. तेथे सुरक्षारक्षक शस्त्र आत नेऊ देत नाही. बँकेत, रुग्णालयात, शाळेतही तोच प्रश्न. मग ते गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात जाते, आणि काच फोडून लॅपटॉप नेणाऱ्या चोराच्या हाती आयते पिस्तूल लागते. ज्याला दिवसातून चार ठिकाणी शस्त्र काढून ठेवावे लागते, त्याने ते त्या दिवशी घरच्या तिजोरीतच ठेवावे. गोळ्या वेगळ्या कप्प्यात, किल्ली स्वतःजवळ. मुलांना 'हात लावू नकोस' एवढे सांगून भागत नाही.

काडतुसांची निगा : किती गोळ्या जवळ ठेवता येतील आणि वर्षाला किती विकत घेता येतील, हे परवान्यावरच लिहिलेले असते, प्रत्येक खरेदीची नोंद होते. मावळाच्या बाजूने येणारा पाऊस आणि उन्हाळ्यातला घाम हे दोन्ही शस्त्राचे शत्रू आहेत. चामड्याचा होल्स्टर ओल धरतो, म्हणून शस्त्र कायम त्यात ठेवू नये. तेलाचा हात अगदी हलका असावा. जास्तीचे तेल झिरपून काडतुसाच्या टोपीत गेले की गोळी पेटत नाही. अंगावर बाळगलेली काडतुसे वर्षभराने सरावात वापरून टाकावीत आणि नवी भरावीत. हिरवट डाग पडलेली, चेपलेली किंवा गोळी हलणारी काडतुसे वापरू नयेत. चाप ओढूनही बार न झाल्यास सरावाच्या जागी नळी निशाणाकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे. काही गोळ्या उशिरा पेटतात.

गावठी पिस्तूल : परवान्याला महिने लागतात, गावठी पिस्तूल चटकन मिळते, म्हणून या पट्ट्यातली कोवळी पोरे त्याच्या नादी लागतात. पोलिसांच्या रोजच्या प्रसिद्धिपत्रकांत 'एक गावठी पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे' हे शब्द वर्षानुवर्षे येत आले आहेत. अशी अनेक शस्त्रे जळगाव जिल्ह्यातील चोपड्याच्या सीमेपलीकडून, मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टी परिसरातून येत असल्याचे तपासांत दिसून आले आहे. कारखान्यातल्या शस्त्राची नळी जादा दाबाचे काडतूस झाडून तपासलेली असते. गावठीची नळी कोणीही तपासलेली नसते. ती फुटली तर धरणाऱ्याची बोटे जातात. कायद्याने विनापरवाना शस्त्राला दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. विशीतल्या मुलाच्या नावावर असा गुन्हा नोंदला गेला की चारित्र्य पडताळणीत नोकरी अडते. चाकणच्या बहुतेक कंपन्या भरतीच्या वेळी चारित्र्याचा दाखला मागतात. असा गुन्हा नोंदला जायला समाजमाध्यमावर पिस्तुलासह टाकलेला एक फोटो पुरतो.

वापराची मर्यादा : परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो, झाडण्याचा नव्हे. गोळी झाडण्याचे समर्थन भारतीय न्याय संहितेतील खासगी संरक्षणाच्या कलमांतूनच, म्हणजे ३४ ते ४४ मधून, करावे लागते. पोलिसांचे संरक्षण मागायला वेळ होता, तर तो हक्क उरत नाही. धोका टळेल एवढ्यापुरतेच बळ वापरता येते. पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणारा सहसा स्वतःच आरोपी होतो. जमिनीचा बांध, भंगाराचा ठेका आणि थकलेली उधारी यांसाठी पिस्तूल काढता येत नाही, हे अर्ज भरण्यापूर्वी मनाशी पक्के करावे. ते जमणार नसेल तर अर्ज करू नये.

जमा करणे : निवडणुकीच्या काळात छाननी समिती ठरवील त्या परवानाधारकांना शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते, त्याची पोच घ्यावी आणि निकालानंतर शस्त्र परत आणावे. परवाना संपला, रद्द झाला किंवा परवानाधारक वारला, तर घरात राहिलेले शस्त्र बेकायदा ठरते. वडिलांचे रिव्हॉल्व्हर अजून कपाटात असेल, तर ते काडतुसांसह जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या.