मधुमेह (ग्रामीण विदर्भाच्या संदर्भात)

मधुमेह : रक्तातील ग्लुकोज कायम वाढलेले राहण्याचा दीर्घ मुदतीचा विकार. स्वादुपिंडातून इन्सुलिन पुरेसे स्रवत नाही, किंवा स्रवूनही शरीर त्याला दाद देत नाही, तेव्हा तो जडतो. उपाशीपोटी साखर १२६ मिग्रॅ. किंवा जास्त (१०० मिलि. रक्तात), अथवा एचबीए१सी ६·५ टक्के किंवा जास्त आल्यास निदान होते, लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करतात. लहान मुलांत बहुधा पहिला प्रकार आढळतो. त्यात इन्सुलिन पहिल्या दिवसापासून लागते आणि ते बंद करणे जिवावर बेतते. पुढील विवेचन दुसऱ्या, सर्रास आढळणाऱ्या प्रकाराचे आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या कापूस-सोयाबीनच्या गावांत ‘शुगर’ हा बसून खाणाऱ्यांचा रोग, अशी समजूत असते. ती पुण्यातील संशोधनापुढे टिकत नाही. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व मुलांचा अभ्यास चालवला. तेथील बाळे जन्मतः सरासरी २·७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३·५ किलोची होती. पण आपली बाळे हडकुळी असूनही त्यांच्या त्वचेखालची चरबी तितकीशी कमी नव्हती. २००४ मध्ये याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२·३. चरबी मात्र युडकिन यांच्यात ९·१ टक्के, याज्ञिकांच्यात २१·२. शास्त्रीय नियतकालिकात इतका मिश्किल पुरावा क्वचितच सापडतो. भारतीयांत म्हणूनच वजनाबरोबर कंबरही मोजतात : पुरुषांत ९० सेंमी., स्त्रियांत ८० सेंमी.च्या पुढे धोका वाढतो.

आहारात ‘भात सोडला, आता भाकरी कितीही चालते’ हा हिशेब चुकीचा. ज्वारीत तंतू जास्त असले तरी पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. भाकऱ्या मोजूनच खाव्यात, सोबत वरण व पालेभाजी वाढवावी. उपवासाची साबुदाणा खिचडी साखर झपाट्याने चढवते. उलट ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन निरंकार उपवास किंवा रोजा धरल्यास साखर ७०च्या खाली जाऊन घाम, थरथर, भोवळ येते. अशा वेळी लगेच साखरपाणी द्यावे. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काही घालू नये. सणापूर्वी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेणे शहाणपणाचे.

सुरुवातीला बहुधा मेटफॉर्मिन देतात. ती एकटी असताना साखर सहसा फार उतरत नाही. ‘इन्सुलिन लागले म्हणजे संपले’ ही भीती निराधार आहे. वर्षे सरतात तसे स्वादुपिंड थकते आणि गोळ्या अपुऱ्या पडतात, इतकेच. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्याबाहेर ठेवतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो; घरी फ्रीज नसेल तर कुपी पिशवीत बांधून, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात सावलीत ठेवण्याची सोपी रीत आहे.

शेतकऱ्यांच्या बाबतीत सर्वाधिक दुर्लक्ष पायांकडे होते. साखरेने नसा बधिर झाल्या की सोयाबीनचे धसकट तळव्यात रुतले तरी कळत नाही. मोजा रक्ताने ओला दिसतो तेव्हा समजते. जखम चिघळून बोट काढावे लागू शकते. रोज रात्री आरशात किंवा घरच्यांकडून तळवे पाहून घ्यावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, अनवाणी फिरू नये. डोळ्यांचा पडदा व लघवीतील प्रथिन वर्षातून एकदा तपासावे.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी विदर्भात जपून वाचावी लागते, कारण येथे सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या रुग्णांत तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. केवळ वाहक असलेल्यांतही काही यंत्रांचे निकाल चुकतात. अशांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच ग्राह्य धरतात.