कोलू पाटलाचा तलाव

गोंदियाच्या माणसाला एका दिवसाची सहल विचारली, की उत्तर ठरलेलं असतं : नवेगाव बांध. अंतर सुमारे ६५ किलोमीटर. सकाळी डबे भरून निघायचं, दिवेलागणीला घरी. गेल्या थंडीत आम्हीही गेलो. मुलगा, सून, नातू आणि ऐंशी ओलांडलेली माझी आई. तिचं माहेर याच अर्जुनी-मोरगाव तालुक्यातलं.

पाणी दिसताच नातवाने विचारलं, ‘‘आजोबा, हा समुद्र का?’’ बिचाऱ्याचं चुकलं नाही. अकरा चौरस किलोमीटरचं पाणी, पलीकडे डोंगर. मी म्हणालो, ‘‘नाही रे, देवाने केलेला तलाव.’’ आई ताडकन म्हणाली, ‘‘देवानं नाही रे बाप्पा, कोलू पाटलानं!’’

खरं तिचंच. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. भोवतीच्या सात टेकड्या म्हणजे सातबहिणी. त्यांनी कामाला हात लावला असं लोक सांगतात. पुढे पाटीलही कोलासूर देव झाले. तलाव बांधणाऱ्याला देवपण देणारा हा मुलूख! हॉलंडने समुद्र थोपवायला घातलेला ३२ किलोमीटरचा बांध १९३२ साली पुरा झाला, त्याचं कौतुक आपण ऐकतो. आमच्या कोहळ्यांनी त्याच्या दोनशे वर्षं आधी, यंत्राशिवाय, पावसाचं पाणी अडवून धान आणि ऊस पिकवला, हे मात्र शाळेत कुणी शिकवलं नाही.

गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याला जमिनीचा हक्क मिळे, असं सांगतात. म्हणून गावोगाव तलाव झाले. पुढे ते मालगुजारांकडे आले. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांचं नाव पडलं माजी मालगुजारी तलाव. थोडक्यात मामा तलाव. नातू म्हणाला, ‘‘कुणाच्या मामाचा?’’ आम्ही हसलो. आई हसली नाही.

पाळीवर बसून ती सांगत होती. उन्हाळ्यात घरटी एक माणूस गाळ काढायला जाई. तोच गाळ बैलगाडीने शेतात पडे. मी म्हटलं, ‘‘चांगले दिवस होते.’’ ‘‘चांगले कशाचे? मालगुजाराची बिगार होती. बाबांना तापातही जावं लागे.’’ जरा थांबून म्हणाली, ‘‘पण पाळ फुटली तर कुणाला हाक मारायची, ते ठाऊक होतं.’’

नवेगावचं एक बरं झालं. १९७५ साली राष्ट्रीय उद्यान, २०१३ साली व्याघ्र प्रकल्प; मारुती चितमपल्लींच्या लेखणीने तर ते घराघरांत पोचलं. बाकीच्या तलावांना कोण लेखक मिळणार?

परतताना आईने गाडी माहेरच्या तलावाशी थांबवायला लावली. काठाला बेशरम माजलेली, पाणी मधोमध आकसलेलं. सायकलवरून एक पोरगा चालला होता. आईने त्याला हाक मारली, ‘‘बाळा, गाळ कधी काढला होता रे?’’

त्याने तलावाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. ‘‘माहीत नाही, आजी,’’ म्हणाला आणि निघून गेला.